दोन ठोके आणि थांबणं

आबा,

दोन महिन्यांपूर्वी एका भर दुपारी मी तुमचा हातोडा ऐकला. हातोडा तर तेव्हा माझ्याच घरी होता, कपाटावर, तुम्ही दिलात त्याच गोणपाटात गुंडाळलेला. आणि मी होते घरापासून चार तासांवर, धरणानं तुंबलेल्या नर्मदेच्या फुगवट्यावर, बोटीत, मणिबेलीकडे जायला जिथून पुढे बोटच लागते त्या बाजूला. वारा नव्हता. पाणी तेलासारखं निपचित पडलेलं. आणि त्या पाण्याखालून आवाज आला. ठक, ठक, आणि मग थांबला. तुम्ही थांबायचात अगदी तसाच. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, आणि मी तुमची लेक, पन्नाशीची बाई, बोटीचा काठ घट्ट धरून तिसरा ठोका कधी येतो म्हणून कान देऊन बसले होते.

हे असलं इस्त्री केलेलं मराठी वाचून तुम्हाला हसू येईल. घरात आपण अहिराणीतच भांडायचो आणि अहिराणीतच रुसवे काढायचो. पण तीस वर्षं सरकारी कागद लिहून माझा हात असाच वळतो आता, त्याला मी काय करू. शिवाय आज जे सांगायचंय ते घरच्या बोलीत सांगायला माझी जीभ धजत नाही. इस्त्रीच्या कपड्यात माणूस जरा ताठ उभा राहतो, म्हणून असं लिहितेय.

तर तो बांध. आमच्या खात्यानं तिथे पाण्यात दगडांचा एक लांब हात बांधलाय, सव्वाशे पावलांचा. त्याच्या आडोशाला बोटी थांबतात. रेशनची बोट येते, दवाखान्याची येते, दिवस भरलेल्या बाया त्या दवाखान्याच्या बोटीतच दोन-दोन दिवस मुक्काम करतात. उन्हाळ्यात फुगवट्यावर पश्चिमेचा वारा सुटला की लाटा अशा येतात, तुम्ही म्हणाला असतात हा समुद्र इथे कोणी आणून टाकला. ती लाट त्या दगडी हातावर फुटावी आणि मागचं पाणी शांत राहावं, एवढंच त्या बांधाचं काम. काम पुरं झाल्याच्या कागदावर सही माझी आहे. सही केली तेव्हा फुगवटा भरलेला होता आणि बांधाचा पायथा पाण्याखाली दोन पुरुष खोल होता. वरचे दगड पाहिले, चालून पाहिले, सही केली. खालचं कोणी पाहिलं नाही, म्हणजे मी पाहिलं नाही.

यंदा पाणी उतरलं तसे बोटवाले माझ्याकडे विचित्र पाहायला लागले. आमचा नेहमीचा बोटवाला डोंगरातला, घरी पावरी बोलणारा, माझ्याशी मोजून मापून मराठी बोलतो. त्या दुपारी त्यानं बांधाजवळ इंजीन बंद केलं. आजूबाजूला बुडालेल्या झाडांचे शेंडे वर आलेले, काळे ठिक्कर, एक पान नाही. म्हणाला, "मॅडम, इथं खाली मिस्त्री काम करतो."

"कोण मिस्त्री?"

"माहीत नाही. पाणी उतरलं की चालू होतो. दगड ठोकतो. एक दगड पण त्याला पसंत पडत नाही."

मी म्हटलं, "पसंत पडत नाही हे तुला कुणी सांगितलं?"

"मग परत परत का ठोकेल?" त्यानं अगदी साधेपणानं विचारलं. मी त्याला वेडा आहेस का म्हणणार होते, तोंड उघडलंही होतं, आणि तेवढ्यात खालून आलं. ठक, ठक. थांबणं. पुन्हा ठक, ठक. थांबणं. त्यानं हात जोडले. मी घड्याळ काढलं, कारण मी इंजिनिअर आहे ना. घड्याळात काय डोंबल कळणार होतं.

आवाज कसला ते मला माहीत आहे, आबा. दूर कुठेतरी वाऱ्यानं उठवलेली सुस्त लाट डोळ्यांना दिसतही नाही, पण ती आत येत असते. पाणी खोल असताना ती दगडांवरून वर-खाली होते, काही बिघडवत नाही. सगळ्यांना वाटतं धरण भरलं की भीती. भीती पाणी उतरल्यावर असते. पायथ्याशी पाणी कमरेएवढं झालं की लाटेचे पाय तळाला लागतात, उंबऱ्याला ठेच लागलेल्या माणसासारखी ती पुढे झोकांडते आणि सगळं वजन खालच्या दगडांवर टाकते. दगड घट्ट बसलेला नसेल तर लाटेबरोबर उचलला जातो, शेजारच्याला लागतो, आणि पाणी मागे फिरताना पुन्हा जागेवर आदळतो. एका लाटेला दोन आवाज. हे सगळं मी त्या बोटवाल्याला समजावून सांगू शकले असते. पण तुमच्या दोन ठोक्यांनंतरचं ते थांबणं कुठल्या लाटेला येतं, हे मला सांगता आलं नसतं.

म्हसावदच्या वर, तोरणमाळच्या डोंगराच्या पायथ्याला ते मातीचं धरण तुम्ही बांधत होतात तेव्हाचं तुमचं काम मला आजही दिसतं. पाण्याकडच्या उतारावर दगडांचं पिचिंग चाललेलं. खाली मुरूम, त्यावर बारीक दगड, त्यावर मोठा दगड, आणि तोही आडवा नाही, उभा. त्याचं लांब अंग भिंतीच्या पोटात आणि आखूड तोंड पाण्याकडे. कोणी नवा मजूर देखणी सपाट बाजू वर करून दगड ठेवायचा, की तुम्ही ओरडायचात, "दखाले नको बसाडू, धराले बसाड!" प्रत्येक दगड बसला की तुम्ही उकिडवे बसायचात, दोन ठोके मारायचात आणि मान तिरकी करून थांबायचात. एवढ्या उन्हात, चाळीस मजुरांच्या गलक्यात तुम्ही एका दगडाचं ऐकत बसायचात. आवाज भरीव आला की हलका तिसरा ठोका. म्हणजे बसना, दगड बसला. पोकळ आला की तिसरा नाही, दगड बाहेर. मी विचारलं होतं एवढं काय थांबायचं, तर तुम्ही म्हणाला होतात, "दगडले बोलाले टाइम लागस."

आणि मी पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला. पुस्तकात वाचलं होतं की लाट जेवढी उंच तेवढा दगड वजनी पाहिजे, त्याचं गणित मांडून मी तुम्हाला शिकवायला निघाले होते. तुम्ही गणित बघितलं, विडी विझवली आणि म्हणालात, "वजनदार मानूस बी खाटवर नीट नही बसना त पडस." सगळे मजूर हसले. मावशी तर डोक्यावरचं घमेलं सांभाळत हसली. मला तो अपमान वाटला, आबा. एकोणिसाव्या वर्षी कशाचाही अपमान वाटतो.

मावशी म्हणजे तीच, घाटाच्या खालच्या पाड्यावरची, तुमच्या टोळीत सगळ्यांत जुनी. घरी पावरी, तुमच्याशी मात्र अहिराणी बोलायची आणि तीही तुमच्यापेक्षा तिखट. तुमच्याखेरीज दगडाला ठोकून ऐकायचा मान फक्त तिला होता.

त्या वर्षी आखाजीच्या सणाच्या तोंडावर तुम्हाला ऊन लागलं. दोन दिवस तुम्ही खाटेवर, डोक्यावर कांद्याचा रस, आणि परवा साहेब पाहणीला येणार. गेटाजवळचा एक तुकडा राहिलेला, दहा-बारा पावलांचा. मीच म्हटलं, मी जाते. तिथे गेले तर पाड्यावरची माणसं आखाजीच्या ओढीनं आधीच अर्धी झालेली. तुमच्या पद्धतीनं तो तुकडा पुरा होणं शक्य नव्हतं. मी दगड आडवे टाकायला लावले. आडवा दगड जास्त जागा झाकतो, आणि दिसतो कसा, अंगणातल्या फरशीसारखा. मग सांधे उघडे दिसायला लागले म्हणून म्हटलं, सिमेंट भरा. मावशीनं एका दगडाला ठोकलं, मान हलवली आणि म्हणाली, "पोकळ शे. आनि सिमेंट भरशी त पानी बाहीर कथाईन जाई?" दगडाला पिऊ द्यावं आणि ओकू द्यावं, हे तुमचंच वाक्य ती मला ऐकवत होती. भिंतीच्या पोटात शिरलेलं पाणी सांध्यांतून बाहेर आलं नाही तर ते आतून दगडाला ढकलतं, हे मला आज झोपेतही सांगता येईल. तेव्हा मी तिला म्हणाले, मावशी, इंजिनिअर कोण आहे? तिनं थापी खाली ठेवली आणि जाऊन बाभळीखाली बसली. तिच्यामागे बाकीच्या बायाही उठल्या. मग ते सगळं सिमेंट मी माझ्या हातांनी भरलं, बोटांनी दाबून दाबून, दिवस मावळेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आलात. डोक्याला उपरणं, पाय लटपटत होते. त्या तुकड्यासमोर उकिडवे बसलात. दोन ठोके मारलेत. थांबलात. किती वेळ थांबलात, आबा! तिसरा ठोका आला नाही. तुम्ही न वळताच विचारलंत, "हाई कोनी करं?" आणि मी, मागचापुढचा काही विचार न करता, जसं काही ते आधीपासून तोंडातच होतं, म्हणाले, "मावशीनी."

मावशी तिथेच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही तिला म्हणालात, "तुन्हा हातवर मन्हा भरोसा व्हता," आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला येऊ नको म्हणून सांगितलंत. तिनं घमेलं उपडं ठेवलं, पदर कमरेला खोचला आणि बांधावरून सरळ चालायला लागली. एक शब्द बोलली नाही. तिला नीट सांगता आलं नसेल, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला समजावत राहिले. पण अहिराणीत ती तुमच्याशी तासन्तास वाद घालायची, मग न सांगता यायला काय झालं होतं?

त्या रात्रीचं आपलं स्वयंपाकघर. माय चुलीपुढे, कळण्याच्या भाकरी थापतेय, ताटात ठेचा आणि तेल. तुम्ही माझ्या समोर बसला आहात. माझ्या ताटात गरम भाकरी पडते आणि मला ती मोडता येत नाही. सिमेंटनं बोटांची टोकं खाल्लीत, लालभडक, नखांच्या कडा सोलून निघाल्यात. मी हात मांडीखाली घेते. तुम्ही माझ्या ताटातली भाकरी उचलता, तिचे चार तुकडे करता, पुन्हा माझ्या ताटात ठेवता आणि जेवायला लागता. माय म्हणते, एवढी मोठी घोडी झाली, तिला काय भाकरी मोडून देता? तुम्ही म्हणता, "गरम शे."

साहेब आले, पाहणी झाली, त्यांना तोच तुकडा सगळ्यांत आवडला. पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरलं, आठ दिवस वारा लागला आणि बरोबर गेटाजवळ पिचिंग पोटातून फुगून फुटलं. बाकीचा एक दगड हलला नाही. तुम्ही एकट्यानं पहार घेऊन तो तुकडा उकलून काढलात आणि नव्यानं बसवलात, मला तिकडे फिरकू दिलं नाही. मला नोकरी लागली त्या दिवशी हातोडा दिलात. "आते तू ऐक," एवढंच म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला काही माहीत नाही. देवाला नारळ फोडला होता मी त्यासाठी.

त्या दिवशी बोटीतून उतरले तशी साहेबांना फोन केला की बांध उकलायचा, बोटी आजच हलवायच्या. ते म्हणाले, "सही तुमचीच आहे ना? मग आता कसलं भूत दिसलं तुम्हाला?" मी म्हटलं, हो, भूतच दिसलं, आणि सही माझीच आहे, म्हणून तर सांगतेय. दवाखान्याची बोट वरच्या वळणावर नेली. तिसऱ्या दिवशी वारा सुटला तेव्हा बांधाचा वीसेक पावलांचा पायथा आमच्या डोळ्यांदेखत सरकला आणि बोटी जिथे बांधायचे तिथे गाडीएवढे दगड गडगडत गेले. कोणी नव्हतं तिथे. आदल्या आठवड्यात दोन बाया होत्या, एक तर पहिलटकरीण.

पाणी ओसरलं तसं आम्ही दगड उचलून पाहिले. आडवे. सगळे आडवे, आणि सांध्यात सिमेंट. मी हसले, आबा. माणसं घाबरली. ठेकेदाराचा सुपरवायझर तिथेच होता, कोवळा पोरगा, नुकताच डिप्लोमा झालेला, आता दुसऱ्या टोकाची डागडुजी करत होता. मी विचारलं, हे कुणी केलं? त्यानं एका म्हाताऱ्या मजुराकडे बोट दाखवलं. "यानं, मॅडम. सांगितलेलं ऐकत नाही." म्हातारा मजूर खाली बघत उभा. मी त्या पोराला म्हटलं, हात दाखव. त्यानं हात मागे घेतले. पुन्हा म्हटलं, दाखव. बोटांची टोकं लालभडक, नखांच्या कडा सोललेल्या. आदल्याच दिवशी दुसऱ्या टोकाला तो स्वतःच सांधे भरत होता.

कळायला एक नजर लागली. बोटं पाहिली आणि कळलं. आणि पाठोपाठ ते ताट दिसलं, ती चार तुकडे केलेली भाकरी.

तुम्हाला माहीत होतं. त्याच दिवशी माहीत होतं. तुम्ही सिमेंटमध्ये जन्म काढलेला माणूस, तुम्हाला ती बोटं कळणार नाहीत? आणि मावशीचे हात तर तुमच्यासमोर होते, धड, कोरडे. कदाचित तिला काढलंत त्या क्षणीही माहीत होतं. चाळीस माणसांसमोर तुमची शिकलेली लेक खोटी पडू नये म्हणून तुम्ही तिचा वीस वर्षांचा मान मातीत घातलात. तिनंही ते ओळखलं आणि तुमचं झाकलं. मी इतकी वर्षं एका गोष्टीला भ्यायले, की आबांना कळेल. उघड झालं असतं तर तुम्ही मला थोबाडीत मारली असती, मी रडले असते, मावशी परत आली असती. मला फार राग आलाय तुमचा. एवढं प्रेम करायला कुणी सांगितलं होतं? पोराला मी तिथेच, सगळ्यांसमोर, त्या म्हाताऱ्याची माफी मागायला लावली. त्यानं मागितली, रडत. आणि मी मात्र, त्याच्या आईच्या वयाची, ताठ उभी.

तो म्हातारा मजूर मावशीच्याच पाड्याचा निघाला. जेवायच्या सुट्टीत मी विचारलं. म्हणाला, आहे अजून ती. नंतर बरीच वर्षं ऊसतोडीला गुजरातेत जायची, आता दारात बसून असते. "पण कान गेले तिचे, मॅडम. ढोल वाजवला तरी कळत नाही."

बांध पुन्हा बसवला, तुमच्या पद्धतीनं, दगड उभे, सांधे उघडे. घरून हातोडा नेला आणि पायथ्याचे दगड मी स्वतः ठोकले. बोटवाला म्हणतो, आता मिस्त्री गेला. गेला असेल. मला तेव्हापासून ऑफिसात टेबलावर कोणी पेन आपटलं तरी त्यानंतर थांबायला होतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. हातोड्याच्या गोणपाटातच घडी करून ठेवीन. मावशीनं नाही, मी केलं, हे तुम्हाला लिहून द्यायचं होतं. पण तुम्हाला ते माहीतच होतं, म्हणजे हे सांगायचं माणूस दुसरंच होतं. म्हणून रविवारी गाडी काढायला लावली आणि तोरणमाळच्या रस्त्याला लागले. वाटेत आपलं धरण. उतरले, गेटाजवळच्या त्या तुकड्यापाशी गेले, उकिडवी बसले. दोन ठोके मारले आणि थांबले. तिसरा माझ्याच्यानं मारवेना. खूप वेळानं मागून एक ठक आलं. दचकून वळले, तर वर रस्त्यावर ड्रायव्हर गाडीच्या दारापाशी उभा होता. दार लावलंस का, विचारलं, तर म्हणाला, नाही मॅडम, मी केव्हाचा इथेच उभा आहे.

पाडा तिथून अर्ध्या तासावर. मी ड्रायव्हरला म्हटलं, घे मागे, घरी चल, मला ऊन लागलंय. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एकदा वर पाहिलं. आभाळ भरून आलं होतं, आबा. ऊन नव्हतं.